पब आणि बारचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालक, मॅनेजर आणि या धंद्यात नव्याने उतरणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. चलन कोणतंही असो, हिशेब सोपा जावा म्हणून विक्री किंवा विक्रीकिंमत १०० धरली आहे. तुमचे आकडे वेगळे असतील. पद्धत तीच राहते.

शनिवारी उभं राहायला जागा नसते, तरी महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. असं का?

कारण तुम्हाला आठवतो तो शनिवार. आठवड्यात १६८ तास असतात. भाडं, परवाना, विमा, व्याज आणि फ्रिज हे सगळं १६८ तास चालू असतं. दार उघडं असतं साधारण साठ-सत्तर तास आणि खरोखर भरलेले तास बहुतेक ठिकाणी बारा ते पंधरा. सगळा खर्च या बारा-पंधरा तासांच्या डोक्यावर बसतो.

एक नमुना घ्या. विक्री १००: माल २८, पगार २८, भाडं १०, वीज-पाणी-गॅस ६, बाकी सगळं (परवाना, विमा, संगीताचे हक्क, कार्डाचं कमिशन, दुरुस्ती, फुटलेले ग्लास, व्याज) २०. उरले ८. आता विक्री फक्त दहा टक्क्यांनी घसरली. मालाचा खर्च २५.२ वर येतो, पण बाकीचे ६४ जागचे हलत नाहीत. उरतात ०.८. विक्री एक दशांशाने घटली आणि नफ्याचे नऊ दशांश गेले. कर, भाडं, वीज, पगार यातलं काहीही थोडं वाढलं की एवढी आरडाओरड का होते, ते या एका गणितात दिसतं.

मग किमान किती विक्री हवी?

स्थिर खर्च भागिले प्रत्येक १०० च्या विक्रीतून माल वजा जाता उरणारा भाग. वरच्या नमुन्यात ६४ ÷ ०.७२ = ८८.९. म्हणजे विक्री ८९ च्या खाली गेली की खिशातून. हा आकडा महिन्याचा काढा आणि उघड्या दिवसांनी सरळ भागू नका. शुक्रवार-शनिवारचा वाटा वेगळा धरा, नाहीतर मंगळवारी उगाच धास्ती आणि शनिवारी उगाच समाधान, असं चालू राहतं.

धंद्यातला जुना ठोकताळा असा की माल आणि पगार मिळून विक्रीच्या साठ टक्क्यांच्या आसपास राहावेत. पासष्टच्या वर गेले की भाडं कितीही स्वस्त असो, गाडी रुळावर राहणं अवघड.

उत्पादन शुल्क वाढलं. किंमत किती वाढवायची?

इथे बहुतेकजण टक्क्यांच्या नादात फसतात. समजा एक पेय २५ ला पडतं आणि १०० ला विकलं जातं. मालाचा खर्च २५ टक्के. शुल्कामुळे पडतळ २९ झाली. टक्केवारी तीच ठेवायची तर किंमत ११६ करावी लागेल. पण वाढ झाली होती ४ ची, आणि गिऱ्हाइकाला दिसते १६ ची. तुमच्या हातात प्रत्येक ग्लासमागे आधी ७५ राहत होते. ते ७५ राखायला १०४ पुरेत. मालाची टक्केवारी कागदावर २५ वरून २७.९ होईल आणि हिशेबनीस भुवया उंचावेल. उंचावू द्या. भाडं टक्क्यांनी भरत नाही, पैशांनी भरतो.

अर्थात विक्रीवरही कर असेल तर तो या वाढीवरही लागतो, आणि मधला प्रत्येक हात आपला टक्का त्यावर चढवतो. शुल्क ४ ने वाढलं, वितरकाने त्यावर १० टक्के लावले आणि पुढे २० टक्के विक्रीकर लागला, तर ४ चे ५.२८ होतात. म्हणून दरपत्रक बदलण्यापूर्वी वितरकाकडून नवे दर लेखी घ्या आणि एकेका बाटलीची पडतळ पुन्हा काढा. सरसकट ‘सगळ्यावर दहा टक्के’ हा आळशीपणा आहे. जुन्या दराने घेतलेल्या साठ्यावर फरक भरावा लागतो का, हेही आधीच विचारून ठेवा. काही ठिकाणी लागतो.

दर वाढवले की गिऱ्हाईक तुटतं का?

काही तुटतं. प्रश्न असतो, किती तुटलं तर चालेल? वरच्याच पेयाची किंमत ५ ने वाढवली तर ग्लासमागे ७५ ऐवजी ८० उरतात. विक्री सव्वासहा टक्क्यांनी घटली तरी गल्ल्यात तेवढेच पैसे येतात. उलट किंमत ५ ने कमी केली, तर तेवढेच पैसे मिळवायला सात टक्क्यांहून जास्त विक्री वाढवावी लागते.

ज्या दोन-तीन बिअर आणि व्हिस्कीची किंमत प्रत्येकाला तोंडपाठ असते, त्यांना शेवटी हात लावा. लोक महाग-स्वस्त त्यावरूनच ठरवतात. कॉकटेल, टॉनिक, कमी परिचित ब्रँड आणि मोठे माप इथे वाढ सहज पचते. वर्षातून एकदा मोठा दणका देण्यापेक्षा दोनदा थोडी थोडी वाढ बरी.

हॅपी अवरचा खरंच फायदा होतो का?

क्वचित. हॅपी अवर म्हणजे ठरावीक तासांपुरती सवलत. किंमत ३० टक्क्यांनी उतरवली की १०० चं पेय ७० ला जातं, पडतळ २५ तशीच, उरतात ४५. आधीचे ७५ गाठायला १.६७ पट विक्री हवी. म्हणजे साठ ग्लास जात होते तिथे शंभर. ‘एकावर एक मोफत’ तर त्याहून जड: जो माणूस तसेही दोन घेणार होता, त्याच्याकडून १५० ऐवजी ५० उरले.

योजना चालली की नाही हे त्या दोन तासांच्या बिलांवरून ठरवू नका. आठचं गिऱ्हाईक सहाला येऊन स्वस्तात पिऊन गेलं, तर तक्त्यात हॅपी अवर गाजलेला दिसतो आणि दिवसाची बेरीज घटते. पूर्ण दिवसाची बिलं, एकूण माणसं आणि दिवसभरात हातात राहिलेली रक्कम, हे तीन आकडे आधीच्या चार आठवड्यांशी ताडून पाहा. आणि कायदा बघा. आयर्लंडने २००३ सालीच अशा वेळ-सवलतींवर बंदी घातली. इतरही काही ठिकाणी ती आहे.

माल नेमका गळतो कुठे?

मापात. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग बसतात. हात सैल सुटून ३५ मिली पडत असतील तर २१. बाटलीमागे चार पेग हवेत गेले, आणि कोणी चोरीही केली नाही.

गळती धरायची एकच पद्धत आहे, आणि ती कंटाळवाणी आहे. आठवड्याच्या ठरावीक दिवशी, दार उघडण्यापूर्वी मोजणी. सुरुवातीचा साठा + खरेदी − शेवटचा साठा = प्रत्यक्ष वापर. बिलांवरून, रेसिपीप्रमाणे किती वापरायला हवं होतं ते काढा. दोन्हींतला फरक म्हणजे तूट. बाटल्यांत एक-दोन टक्के आणि नळाच्या बिअरमध्ये तीन-चार टक्क्यांपर्यंत समजू शकतो. त्यापुढे कोणीतरी उत्तर द्यायला हवं.

उघडी बाटली डोळ्याने ‘अर्धी असेल’ म्हणून लिहिली की मोजणी वाया गेली. तिचं वजन करा. ४० टक्के अल्कोहोलच्या दारूचं वजन मिलीमागे सुमारे ०.९५ ग्रॅम असतं. रिकामी बाटली ४८० ग्रॅमची आणि काट्यावर ८६० आले, तर आत ३८० ग्रॅम, म्हणजे ४०० मिली. तेरा पेग. रिकाम्या बाटल्यांची वजनं ब्रँडनिहाय एकदाच लिहून भिंतीवर लावा. लिकरमध्ये (गोड, स्वादाची दारू) साखर असते, म्हणून ती जड भरते. तिला हा आकडा लावू नका.

मोजणी तंतोतंत जुळते, तरी पैसे कमी वाटतात. असं होतं का?

होतं, आणि हा सगळ्यात वाईट प्रकार. बारमन स्वतःची बाटली आत आणतो, तिच्यातून ओततो, रोख घेतो, बिल करत नाही. तुमची बाटली जशीच्या तशी, तूट शून्य. साठ्यावरून हे कधीच सापडणार नाही. माणशी बिल कमी झालंय का, एखाद्याच्या पाळीत रोखीची विक्री विचित्र कमी आहे का, रद्द केलेली बिलं कोणाच्या नावावर जास्त आहेत, हे बघावं लागतं. स्टोअरमधून निघणाऱ्या प्रत्येक बाटलीवर खूण करा आणि रिकामी दिल्याशिवाय भरलेली देऊ नका. खूण नसलेली रिकामी बाटली कचऱ्यात दिसली की कळलं.

केगमधून पूर्ण ग्लास का निघत नाहीत?

केग म्हणजे नळाला जोडायचं बिअरचं पिंप. ५० लिटरच्या केगमधून अर्ध्या लिटरचे १०० ग्लास निघायला हवेत. पंचाण्णव निघाले तरी उत्तम. अठ्ठ्याऐंशी निघत असतील तर नळाखालच्या ट्रेमध्ये बघा, नफा तिथे फेसाळतोय.

आधी तापमान. साधारण २.५ आकारमान कार्बन डायऑक्साइड असलेल्या (म्हणजे स्वतःच्या अडीचपट आकारमानाचा वायू विरघळलेल्या) बिअरला ३ अंश सेल्सिअसला सुमारे ०.८ बार दाब पुरतो (हा बार दाबाचा, आपला नव्हे). तीच बिअर ७ अंशांवर गेली की १ बार लागतो. दाब तोच राहिला तर वायू वाटेतच सुटतो आणि नळातून फेस येतो. यावर हमखास केली जाणारी चूक म्हणजे दाब आणखी कमी करणं. मग वायू जास्तच सुटतो आणि दोन दिवसांत बिअर मिळमिळीत होते. म्हणून आधी दुसऱ्या ग्लासातल्या बिअरचं तापमान मोजा, पहिल्याचं नको, कारण पहिला ग्लास नळातल्या उबेचा असतो. कोल्डरूमच्या भिंतीवरचा आकडा हवेचा, बिअरचा नव्हे. संध्याकाळी आलेलं केग रात्री लावलं तर ते आतून गरमच असतं. त्याला पूर्ण एक दिवस थंडीत ठेवा.

तापमान बरोबर असेल तर पुढे नळी मळलेली आहे का, ग्लासला तेलकटपणा आहे का, आणि नळ अर्धवट उघडून ओतलं जातंय का ते बघा. नळ एका झटक्यात पूर्ण उघडायचा असतो.

एक उलटी गोष्टही लक्षात ठेवा. फेसात आकारमानाच्या साधारण पाव भागच बिअर असते. ग्लास काठोकाठ, बिनफेसाचा भरून देणं म्हणजे उदारपणाने तूट वाढवणं. दोन-अडीच सेंटिमीटर फेस हा नियमात बसणारा आणि दिसायलाही चांगला. मात्र कायद्याने मापाची रेष कुठे आहे ते पाहूनच.

नळ्या धुताना बिअर वाया जाते. धुणं कमी केलं तर?

नको. यीस्ट आणि बिअरचा खडा (क्षारांचा टणक थर) नळीत बसला की फेस वाढतो आणि धुण्यात वाचवलं त्याहून जास्त ट्रेमध्ये जातं, चव बिघडते ती वेगळीच. आठवड्याने, फार तर पंधरा दिवसांनी धुणं हाच प्रचलित नियम.

वाया जाणारी बिअर मात्र कमी करता येते. ९.५ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत मीटरमागे ७१ मिली बिअर राहते. पंधरा मीटरची नळी म्हणजे लिटरभर. आठ नळ असतील तर दर धुण्याला साडेआठ लिटर, सतरा ग्लास. केग संपण्याच्या वेळेशी धुणं जुळवा आणि नळीतली बिअर पाण्याने पुढे ढकलून विकून टाका. पाण्याचा रंग दिसताच थांबा. ६.३५ मिमीच्या नळीत मीटरमागे ३२ मिलीच मावते, पण ती लांब अंतराला चालत नाही, अडथळा फार होतो.

धुताना सुमारे २ टक्के कॉस्टिक सोड्याचं कोमट द्रावण पंपाने पंधरा मिनिटं फिरवा, मग थंड पाणी, आणि शेवटी पीएच पट्टीवर (आम्ल-अल्कली तपासायचा कागद) साध्या नळाच्या पाण्याइतका आकडा येईपर्यंत धुवत राहा. दर तीन महिन्यांनी आम्लाची धुलाई. आम्ल, कॉस्टिक आणि क्लोरीन कधीही एकत्र येऊ देऊ नका. नळाची तोटी सुटी करून ब्रशने घासायची असते. तिथेच सगळ्यात जास्त बुरशी धरते.

किती नळ ठेवावेत?

जेवढी केग साधारण आठवड्यात संपतात तेवढेच. जे रेंगाळतं ते २० लिटरच्या केगमध्ये घ्या किंवा बाटलीत विका.

गॅसचा सिलिंडर लवकर संपतो. गळती आहे हे कसं ओळखायचं?

१ बार दाबाने ५० लिटर बिअर ढकलायला साधारण २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो. ६ किलोच्या सिलिंडरवर तीसेक केग जायला हवेत. वीसवर संपत असेल तर जोडांवर साबणाचं पाणी लावा. बहुतेकदा केगच्या जोडणीतला रबरी वॉशर निघतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तळघरात साचतो आणि जीव घेतो. तिथे गजर बसवलेला हवाच. यात काटकसर नाही.

वायूचा भाव मधूनच का भडकतो, असंही विचारलं जातं. पेयांचा बराचसा कार्बन डायऑक्साइड खतासाठी अमोनिया बनवणाऱ्या कारखान्यांतून उपउत्पादन म्हणून येतो. २०२१ मध्ये नैसर्गिक वायू महागला, युरोपातले असे कारखाने थांबले आणि बिअरच्या नळापर्यंत टंचाई पोचली. एक भरलेला जादा सिलिंडर ठेवणं एवढंच आपल्या हातात.

विजेचं बिल कसं उतरवायचं?

आज रात्री बंद करताना मीटरचा आकडा लिहा आणि उद्या उघडताना पुन्हा. दुकानात माणूस नसताना किती जळलं ते कळेल, आणि आकडा बघून बहुतेकांची झोप उडते. मग एकेक यंत्र शोधा. बाटलीबंद सोडा, कोला, बिअर रात्री नासत नाहीत. त्यांचे फ्रिज टायमरवर टाकता येतात, उघडण्याच्या दोन-तीन तास आधी सुरू होतील असे. दूध, फळांचा रस, कापलेली फळं ठेवलेल्या फ्रिजला हात लावायचा नाही.

फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर गेलं. बर्फाच्या यंत्राची मागची जाळी धुळीने भरली की ते तेवढ्याच विजेत कमी बर्फ देतं आणि नेमकं शनिवारी रात्री बसतं. महिन्यातून एकदा मऊ ब्रश फिरवा.

माणसं कमी करावीत का?

आधी तास मोजा, डोकी नंतर. रोजच्या प्रत्येक तासाची विक्री आणि त्या तासाला हजर माणसं शेजारी शेजारी लिहा. जवळपास प्रत्येक ठिकाणी दोन भोकं सापडतात: उघडल्यानंतरचा पहिला तास, जिथे चौघं ग्लास पुसत उभे असतात, आणि शनिवारचे दहा ते बारा, जिथे दोघं कमी असतात. तिथे विक्री हातची जाते, कारण ज्याला दहा मिनिटं कोणी विचारत नाही तो दुसरा ग्लास मागत नाही. माणसं टप्प्याटप्प्याने बोलवा. आणि अनुभवी बारमन गेला की नवा शिकेपर्यंत मापाची तूट वाढते. पगारातली बचत तिथे परत जाते.

सोमवार बंद ठेवला तर?

त्या दिवशीच्या विक्रीतून फक्त तेवढेच खर्च वजा करा, जे बंद ठेवल्यावर खरोखर थांबतील: माल, रोजंदारीचे पगार, काही वीज. भाडं आणि मासिक पगार तसेही जाणार. सोमवारची विक्री ४ असेल आणि थांबणारे खर्च ३.२, तर उघडं ठेवण्यात ०.८ चा फायदा आहे, भले ताळेबंदात सोमवार तोट्यात दिसो. ३.२ ऐवजी ४.३ असतील तर बंद करा. आणि बंद कराल तर नियमित करा. कधी उघडं कधी बंद ठेवलं की लोक यायचेच थांबतात.

तरुण मंडळी कमी पितात. त्यावर उपाय?

मालाच्या यादीत बिनअल्कोहोलचं काहीतरी नीट ठेवणं. शुल्क नसल्यामुळे पडतळ कमी पडते, म्हणून किंमत कमी ठेवूनही ग्लासमागे तेवढीच रक्कम सुटू शकते. १२ ला पडलेलं पेय ८७ ला विकलं तरी ७५ हातात आले. अडचण दुसरीच आहे: मेन्यूच्या शेवटी, लहान मुलांच्या सरबतासारखं छापलं की ते खपत नाही. बिनअल्कोहोलच्या बिअरचं केग घेताना जपा. अल्कोहोल नसल्याने तिच्यात जंतू सहज वाढतात. खप फार नसेल तर बाटलीच बरी.

वाइन ग्लासने विकावी का?

७५० मिलीमधून १५० मिलीचे पाच ग्लास. शेवटचा एक ओतून द्यावा लागला तर बाटलीचा पाचवा हिस्सा गेला. ग्लासने दोन-तीनच प्रकार ठेवा आणि उघडल्याची तारीख बाटलीच्या गळ्यात अडकवा.

भाड्याबद्दल मालकाशी काय बोलावं?

भाडं विक्रीच्या दहा टक्क्यांपुढे गेलं असेल तर बोलायलाच हवं. ‘धंदा मंद आहे’ असं म्हणत जाऊ नका. बारा महिन्यांची विक्री घेऊन जा. सरळ कपातीला जागामालक सहसा तयार होत नाही. कमी स्थिर भाडं आणि ठरावीक विक्रीपुढे टक्का, ही रचना त्याला पटू शकते. ते न जमल्यास वार्षिक वाढ एक वर्ष पुढे ढकलणं किंवा छत, गटार, वायरिंगची दुरुस्ती त्याच्याकडे देणं. जे ठरेल ते करारात.

रोकड कायम तंग का असते?

कारण गल्ल्यातले सगळे पैसे तुमचे नसतात. विक्रीकर रोज गोळा होतो आणि महिन्याने किंवा तिमाहीने जातो. मधल्या काळात त्यातून माल उचलला जातो आणि भरायच्या दिवशी खड्डा दिसतो. कराची रक्कम रोज किंवा निदान दर सोमवारी वेगळ्या खात्यात टाका. परवान्याचं वार्षिक शुल्क एकाच महिन्यात येतं, त्याचा बारावा हिस्सा दरमहा बाजूला. मग पुढच्या तेरा आठवड्यांचा एक साधा तक्ता करा: येणारे पैसे, जाणारे पैसे, उरलेली शिल्लक. खड्डा सहा आठवडे आधी दिसला तर वितरकाशी मुदतीचं बोलता येतं; त्याच दिवशी दिसला तर फक्त विनवणी उरते.

पडून राहिलेल्या बाटल्याही रोकडच असतात. साठ दिवसांत न हललेल्या बाटल्यांची यादी काढा, त्यांची एखाद-दुसरी कॉकटेल बनवा आणि पुन्हा मागवू नका, वितरकाने कितीही योजना दिली तरी. बारावर एक मोफत म्हणजे तुमचे बाराचे पैसे अडकले.

बंद करायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

जुन्या कराचे पैसे नव्या विक्रीतून भरले जाऊ लागले, वितरक फक्त रोखीने माल देऊ लागला आणि लागोपाठ दोन चांगल्या महिन्यांनंतरही देणं घटलं नाही, की हिशेबनीसासोबत बसा. परवाना हस्तांतरित होतो का, त्याला किती वेळ लागतो आणि थकबाकी असताना होतो का, हे आधी तपासा, कारण बहुधा विकण्याजोगी सगळ्यात मोलाची गोष्ट तीच असते. पगार आणि कराची देणी आधी बाजूला काढा. न उघडलेला माल परत घेण्याबद्दल वितरकाला विचारा. परवाना रद्द झाल्यावर तो माल विकताही येत नाही आणि ठेवताही येत नाही. रिकामी केग, सिलिंडर आणि क्रेट मोजून, पावतीवर सही घेऊन परत पाठवा, म्हणजे त्यावरची अनामत सुटेल.